पाचर

वकिलीचा धंदा बरीच वर्षे केला म्हणजे माणसाला एक खोड जडते. कोणी कसलेही काम सांगितले, की त्यात आपला पक्ष कोणता हे तो आधी ठरवून टाकतो आणि विचार मागाहून करतो. २०२३ च्या दिवाळीत अक्काचा फोन आला तेव्हा माझे तसेच झाले.

अक्का ही माझी थोरली बहीण. आमच्या घरी बोलायचे ते कोंकणीत आणि पत्र लिहायचे ते मराठीत, अशी जुनी रीत आहे. पण मन फार व्याकूळ झाले म्हणजे अक्का पत्र लिहीत नाही. "तूं तरी ताका सांग रे," एवढेच ती म्हणाली आणि मग बराच वेळ गप्प राहिली.

'ताका' म्हणजे तिच्या एकुलत्या एका मुलाला. यजमान गेल्यापासून हा मुलगा हेच तिचे सारे विश्व. तो इंग्लंडात ब्रिस्टल शहरी नोकरीला आहे. वय सत्तावीस, लग्न व्हायचे आहे. हाताशी चार पैसे शिलकीला पडताच त्याने घर नाही, जमीन नाही, तर एक जुनी दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार घेण्याचे मनात आणले होते. आणि तीही रस्त्यावर मिरवण्यासाठी नव्हे, तर शर्यतीच्या ट्रॅकवर पळवण्यासाठी. तिकडे मोटार-शर्यतींचे ट्रॅक काही ठरावीक दिवशी सर्वसामान्य माणसांना खुले असतात. पैसे भरावेत, आपली गाडी न्यावी आणि आखून दिलेल्या नियमांत ती पळवावी. अशा दिवसाला 'ट्रॅक डे' म्हणतात.

एखाद्याच्या चालत्या कामात मोडता घालणे याला आपल्या भाषेत 'पाचर मारणे' म्हणतात. अक्काने मला ही पाचर मारण्याचे वकीलपत्र दिले होते आणि मी ते मुकाट्याने घेतलेही होते.

त्याला कारणही तसेच होते. मडगावला मोटार अपघातांच्या भरपाईचे दावे चालवण्यात माझी वीस-एक वर्षे गेली आहेत. मेलेल्या माणसाची किंमत कशी काढायची याचे गणित २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा खटल्यात घालून दिले आहे. वार्षिक उत्पन्न घ्यावे, त्यातून माणसाचा स्वतःचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणावे. पंचवीस वर्षांपर्यंत अठरा, सव्वीस ते तीसपर्यंत सतरा, आणि पुढे वयाबरोबर उतरत जाणारे आकडे. माणूस अविवाहित असला तर निम्मे उत्पन्न त्याच्याच खर्चापोटी वजा जाते. अक्काचा फोन खाली ठेवताना माझ्या मनात जे पहिले शब्द आले ते सांगायला आज लाज वाटते. ते होते : 'सत्तावीस, अविवाहित. निम्मे वजा, गुणिले सतरा.'

मी भाच्याला फोन केला. उलटतपासणीची सगळी तयारी होती. त्याने सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, तू वकील मनीस. आधी कागद वाच, मग निकाल दे." कोंकणीत मामालाही 'तूं'च म्हणतात, त्यामुळे आपण वडीलधारे आहोत ही आठवण ऐन वादात कोणी करून देत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तीन गाड्यांचे कागद पाठवले.

तिन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या होत्या : जपानच्या माझदा कंपनीची एम.एक्स.–५. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही मोटार प्रथम लोकांसमोर आली. छोटी, उघड्या टपाची, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडात लोटस एलान नावाची अशीच एक हलकी, देखणी मोटार निघत असे. तिचा आदर्श या जपानी मंडळींनी समोर ठेवला होता. पहिल्या गाडीचे इंजिन १६०० सी.सी.चे, शक्ती सुमारे ११५ अश्वांची आणि वजन साधारण साडेनऊशे किलो. म्हणजे ताकद बेताचीच. जे काही साधायचे ते हलकेपणाने. स्वार आणि घोडा एकजीव व्हावेत अशा अर्थाची एक जपानी म्हण, 'जिन्बा इत्ताइ', तिच्या कर्त्यांनी ब्रीद म्हणून घेतली होती. २०१६ साली या जातीची दहालक्षावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. म्हणूनच जुन्या गाड्या पुष्कळ मिळतात आणि सुटे भागही मिळतात. हौशी माणसे हिच्या मागे लागतात त्याचे एक कारण हे.

इंग्लंडात तीन वर्षांपेक्षा जुन्या मोटारीची दरवर्षी सक्तीने तपासणी होते. तपासनीस काय म्हणाला, मैलांचा आकडा किती होता, कोणत्या दुखण्याकडे लक्ष द्यावे असे त्याने सुचवले, हे सारे सरकारी दप्तरी राहते आणि कोणालाही फुकट पाहता येते. रोज रात्री जेवण झाल्यावर मी हे कागद वाचू लागलो. पहिली गाडी १९९० सालची, तांबडीभडक, नुकताच रंग दिलेली. छायाचित्रात नवरीसारखी दिसत होती. पण तिच्या दप्तरात सलग तीन वर्षे शेरा होता, की दरवाजांखालच्या पोकळ पोलादी तुळया गंजत आहेत. आणि चौथ्या वर्षी शेरा एकाएकी नाहीसा झाला होता. दुरुस्तीचे बिल मात्र कुठेच नव्हते. साक्षीदार पहिल्या तीन तारखांना जे सांगतो ते चौथ्या तारखेला विसरला, तर मधल्या काळात त्याला कोणी तरी भेटून गेले असे आम्ही समजतो. मी भाच्याला कळवले, "या बाईच्या पदराखाली काही तरी झाकलेले आहे." त्याने सांगितले, की या गाडीचे खरे दुखणे तेच असते. कापडी टपावरचे पाणी वाहून जायला मागच्या बाजूला नळ्या असतात. त्या पालापाचोळ्याने तुंबल्या, की पाणी त्या तुळयांत साचते आणि पोलाद आतून खाल्ले जाते. वरून रंग तसाच तुकतुकीत.

दुसरी गाडी २००१ ची, पुढच्या पिढीतली. इंजिन उत्तम, पण या पिढीला पुढच्या चाकांजवळच्या सांगाड्यात गंज धरतो आणि तिला तो चांगलाच धरला होता. तिसरी १९९४ ची, मूळ जपानात विकलेली आणि मागाहून इंग्लंडात आणलेली. इंजिन १८०० सी.सी.चे, ब्रेकच्या तबकड्या पहिल्या गाडीहून मोठ्या. रंग काळपट हिरवा, उडालेला, टप फाटका, मैल भरमसाट. पण तिच्याबरोबर बिलांची एक जाडजूड फाईल होती, आणि तपासनिसाने सुचवलेले प्रत्येक दुखणे पुढच्या तपासणीच्या आत निस्तरल्याची पावती त्या फाईलमध्ये होती. खासगी माणसाकडून घेतलेल्या जुन्या गाडीला तिकडच्या ग्राहक कायद्याचे पाठबळ फारसे नाही. घेणाऱ्याने सावध राहावे, हे जुने लॅटिन सूत्रच तिथे लागू. मी उत्तर धाडले : "तिसरी."

पत्र गेल्यावर माझ्या ध्यानात आले, की मी पाचर मारण्याऐवजी गाडी निवडून दिली होती. जानेवारी २०२४ मध्ये त्याने ती विकत घेतली. अक्काला मी एवढेच सांगितले, की मे महिन्याच्या सुट्टीत स्वतः जाऊन समक्ष बोलतो.

ब्रिस्टलला पोचलो तेव्हा गाडी एका भाड्याच्या गॅरेजात चार पोलादी घोड्यांवर उभी होती, चाके काढलेली. मी कल्पिले होते, की हा इंजिनाची ताकद वाढवण्याच्या मागे असेल. इंजिनाला त्याने हातही लावला नव्हता. पट्टा, पाण्याच्या नळ्या आणि रेडिएटर तेवढे बदलले होते. जुन्या रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी पिवळट तपकिरी झाली होती. तसा रंग आला, की ती फुटायला टेकली असे समजावे. आसनांच्या मागे पोलादी कमान बसवली होती, गाडी उलटली तर डोके वाचावे म्हणून. ती पुरेशी उंच आहे का हे पाहण्याची त्याची रीत मोठी घरगुती होती. शिरस्त्राण घालून तो आसनावर बसला आणि मला झाडूचा दांडा कमानीच्या माथ्यापासून समोरच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत आडवा धरायला सांगितला. दांडा शिरस्त्राणाला घासत होता. त्याने आसन उचकटून दोन बोटे खाली बसवले आणि पुन्हा मला दांडा धरायला लावला. उच्च न्यायालयात उभा राहणारा मी, परदेशात झाडू धरून उभा होतो. पण दोन बोटांचे अंतर मोकळे राहिलेले पाहून मला जे बरे वाटले ते कित्येक निकालांनी वाटलेले नाही.

टायरांवरची नक्षी चांगली खोल होती, तरी त्याने चारी टायर फेकून दिले होते. "नक्षी पाहू नकोस, जन्मतारीख पाहा," असे म्हणून त्याने टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. अकरा वर्षांचे रबर दिसायला शाबूत असले तरी आतून वाळून कडक झालेले असते.

मग ब्रेक. ब्रेक ऑईलला हवेतले पाणी पिण्याची खोड असते. 'डॉट–४' जातीचे ताजे ऑईल २३० अंशांच्या आत उकळत नाही. पण त्यात थोडेसे पाणी मुरले, की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. रस्त्यावर हा फरक सहसा जाणवत नाही. ट्रॅकवर दर फेरीला जोराने ब्रेक दाबावे लागतात, तबकड्या तापतात, ऑईल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात; आणि बुडबुडा दबतो म्हणून पाय थेट खाली जातो, गाडी मात्र थांबत नाही. नवे ऑईल भरून आतली हवा काढायला दोन माणसे लागतात. मी आत बसून पेडल दाबायचे, तो चाकापाशी बसून नळीचे तोंड उघडणार. "दाम... धर... सोड." तासभर ही आज्ञा मी पाळली. आधी काळ्या चहासारखे ऑईल आले, मग फिके, शेवटी स्वच्छ.

त्या दिवशी संध्याकाळी त्याने फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. ती मागच्या ब्रेकची जुनी नळी होती, पेन्सिलीहून बारीक. "खालून पाहा," तो म्हणाला. खालची बाजू साफ होती. "आता उलट." सांगाड्याला टेकलेली वरची बाजू, जी नळी जागेवर असताना कोणालाही दिसत नाही, ती गंजाने खवल्यासारखी फुटली होती. तपासणीत ती उत्तीर्ण झाली होती, कारण तपासनीस दिसेल तेवढेच पाहतो. भाच्याने सगळ्या नळ्या काढून तांबे-निकेलच्या नव्या घातल्या होत्या.

मी त्या नळीकडे पाहतच राहिलो. आमच्या धंद्यात हेंडरसन नावाचा एक इंग्लिश खटला प्रसिद्ध आहे. १९७० च्या कायदा-अहवालांत तो छापलेला आहे. उतारावर एका लॉरीचे ब्रेक निकामी झाले आणि एक माणूस मेला. त्याच्या विधवेने दावा लावला. नळीच्या दिसणाऱ्या भागाची तपासणी होत असे. गंज न दिसणाऱ्या भागात होता. 'ब्रेक अचानक गेले' एवढे म्हणून मालकाला सुटता येणार नाही, योग्य ती सारी काळजी घेतली होती हे त्याने दाखवले पाहिजे, असा हाउस ऑफ लॉर्ड्सचा निर्णय झाला. हा खटला मी कित्येकदा वाचून दाखवला आहे, जेव्हा माझ्या बाजूचा होता तेव्हा. आणि जेव्हा नव्हता, तेव्हा त्यातून वाटही काढली आहे. पण ब्रेकची नळी मी कधी हातात धरली नव्हती.

सुमारे बारा वर्षांपूर्वी मी एका बसमालकाचा वकील होतो. घाटात बसखाली सापडून एक तरुण मुलगा मेला होता. बसचा विमा संपलेला, त्यामुळे भरपाई मालकाच्या खिशातून जायची होती. 'ब्रेक अचानक निकामी झाले' हे वाक्य कैफियतीत मीच लिहिले आणि त्याला एका गॅरेजचे बिल जोडले. त्या बिलावर 'ब्रेक तपासले' असे दोन शब्द होते. काय तपासले, कोणी तपासले, हे मी मालकाला विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि ते मला नको होते. त्या दोन शब्दांच्या वजनावर तडजोड झाली आणि रक्कम व्हायला हवी होती त्याहून पुष्कळ कमी ठरली. अंगठा उठवून झाल्यावर मुलाच्या आईने बाहेर मला थांबवले. ती रागावली नव्हती. तिने एवढेच विचारले, "ब्रेक कोणें पळयल्ले?" ब्रेक कोणी पाहिले होते? मी पुढच्या दाव्याची हाक आली असे सांगून निघून गेलो.

हाक आलेली नव्हती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही कॅसल कूमला गेलो. विल्टशायर परगण्यातला हा दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ. १९५० पासून तिथे मोटारी पळतात. एक फेरी १.८५ मैलांची, म्हणजे सुमारे तीन किलोमीटरची. सकाळी सह्या झाल्या. धोक्याची जोखीम आमची, अशा अर्थाचा कागद पुढे आला. इंग्लंडात १९७७ च्या कायद्यापासून आपल्या हयगयीने झालेल्या मृत्यूची किंवा इजेची जबाबदारी नुसत्या कागदाने झटकता येत नाही, हे मला ठाऊक होते. तरी अक्काची आठवण होऊन सही करताना हात थोडा अडखळला. मग सर्वांना एकत्र बसवून नियम सांगितले : ही शर्यत नव्हे, वेळ मोजायला बंदी, पुढच्याने वाट दिल्याशिवाय ओलांडायचे नाही, तांबडे निशाण दिसले, की वेग कमी करून परत यायचे. पहिल्या फेऱ्या पुढच्या गाडीमागे संथपणे काढायच्या. मला वाटले होते त्यापेक्षा हे प्रकरण देवळातल्या उत्सवासारखे अधिक आणि जुगारासारखे कमी होते.

दुपारी मी शेजारच्या आसनावर बसलो. पहिल्या दोन फेऱ्या मी डोळे मिटले होते हे कबूल करतो. तिसऱ्या फेरीला उघडले आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी वेगाकडे पाहत होतो. भाचा वेगाकडे पाहतच नव्हता. त्याचे लक्ष सारखे पुढच्या वळणाआधीच्या त्या एका जागेवर होते, जिथे ब्रेक दाबायचा. वळणात नव्हे, वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच. मोठमोठ्या गाड्या मागून येत. तो हात वर करून त्यांना वाट देई. पाच-सहा फेऱ्यांनंतर त्याने एक फेरी ब्रेक जवळजवळ न लावता हळू काढली, तबकड्या निवाव्यात म्हणून, आणि गाडी बाहेर आणून उभी केली.

सवयीने मी हँडब्रेककडे हात नेला. तो म्हणाला, "नको मामा. चाके तापलीत. आता पॅड दाबून धरले तर गरम तबकडीला चिकटतील. पायाशी लाकूड आहे ते चाकाखाली घाल."

मी खाली उतरलो. ते लाकूड म्हणजे तिरपी तासलेली एक पाचर होती.

आमच्या गावच्या देवळाच्या जत्रेत महारथ निघतो. लहानपणी आम्हा पोरांना एकच हौस, दोराला हात लावायची. शेकडो माणसे दोर ओढीत, जयजयकार होई. आमचे एक चुलत आजोबा मात्र दोराकडे कधी फिरकले नाहीत. ते रथाच्या चाकाला लागून कमरेत वाकून चालत आणि त्यांच्या हातात लाकडाची पाचर असे. रथ उताराला लागला, वळणावर कलला, की ते ती चाकाखाली सारत. त्यांच्याकडे कोणी पाहत नसे. आम्ही पोरे त्यांना हसत असू, की सगळे देवाला पुढे नेताहेत आणि हे एकटे त्याला अडवताहेत! रथ पुढे जातो तो त्या पाचरीच्या भरवशावर, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली आणि ते कळले ते असे परमुलखात, एका हिरव्या मोटारीच्या चाकापाशी गुडघे टेकून.

रात्री अक्काचा फोन आला. मी तिला सगळे सांगितले. तुझे वकीलपत्र मी नीट चालवले नाही, गाडी मीच निवडली, त्याला थांबवले नाही, उलट आज त्याच्याशेजारी बसून आलो, हेही सांगितले. धोका मुळीच नाही असे मात्र म्हणालो नाही, कारण ते खरे नव्हते.

ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने एकच विचारले.

"ब्रेक तुवें पळयल्यात मू?"

बारा वर्षांपूर्वी कचेरीबाहेर उभी राहिलेली ती बाई माझ्या डोळ्यांपुढे आली. तिला द्यायचे उत्तर तेव्हाही माझ्यापाशी नव्हते, आजही नाही. अक्काला द्यायचे होते.

"होय अक्का," मी म्हणालो, "हांवें पळयल्यात."